स्पिट्झ, भारतीय

लांब, दाट व बहुधा पांढरे केस, टोकदार मुस्कट, ताठ उभे कान व पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट असलेली, सोबतीसाठी घरात पाळण्यात येणारी कुत्र्याची एक लहान जात. महाराष्ट्रातील शहरांत हिला सर्रास ‘पॉमेरेनियन’ किंवा नुसते ‘पॉम’ म्हणतात. परंतु हे नाव या जातीला लावणे बरोबर नाही. पॉमेरेनियन ही जर्मन स्पिट्झ गटातील सर्वांत लहान जात असून तिची उंची खांद्यापाशी १८ ते २४ सेंमी. व वजन साधारणतः १·५ ते ३ किग्रॅ. असते. भारतीय स्पिट्झचा लहान प्रकार ५ ते ७ किग्रॅ. वजनाचा असतो, तर मोठा प्रकार १२ किग्रॅ. वा त्याहूनही अधिक वजनाचा असतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. हवामान सोसण्याची शक्ती, विण्यातील अडचणी, दात व हाडे यांचे विकार आणि आहाराचे प्रमाण या सर्व बाबतींत दोन्ही जातींत फरक असल्याने, घरी आणलेले पिलू नेमके कोणत्या जातीचे आहे हे पाळणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक ठरते.

उगम व प्रसार : स्पिट्झ गटातील कुत्री मूळची उत्तरेकडील थंड प्रदेशांतील होत. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पॉमेरेनिया या प्रदेशावरून (हा प्रदेश सध्या पोलंड व जर्मनी यांत विभागलेला आहे) पॉमेरेनियन हे नाव पडले. प्रारंभी हे कुत्रे आजच्यापेक्षा बरेच मोठे होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथून ‘मार्को’ नावाचा लहान चणीचा पॉमेरेनियन आणला व तेव्हापासून लहान आकाराची आवड वाढत जाऊन निवड पद्धतीच्या पैदाशीने ही जात उत्तरोत्तर खुजी होत गेली. भारतात ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात स्पिट्झ कुत्री आणली व त्यांच्यापासून येथील उष्ण हवेत टिकाव धरणाऱ्या कुत्र्यांची निवड होत होत भारतीय स्पिट्झ ही जात निर्माण झाली, असे मानले जाते. १९८० नंतरच्या दशकात परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर निर्बंध असल्याने शहरी मध्यमवर्गात हिचा प्रसार फार झपाट्याने झाला. हम आपके हैं कौन..! (१९९४) या हिंदी चित्रपटातील ‘टफी’ हा कुत्रा याच जातीचा होता. त्या चित्रपटानंतर या पिलांची मागणी आणखी वाढली. पुढे आयात सुलभ झाल्यावर पग, लॅब्राडॉर, शिट्झू इ. जाती लोकप्रिय झाल्या आणि भारतीय स्पिट्झ काहीशी मागे पडली. व्यापारी विक्रीसाठी परदेशातून कुत्री आणण्यास २०१६ मध्ये पुन्हा बंदी घालण्यात आली. तथापि तोपर्यंत परदेशी जातींची पैदास देशातच सुरू झालेली होती. या मागे पडण्यात जातीचा दोष काहीच नाही. दख्खनच्या हवामानात लहान सदनिकेत पाळण्याजोगी इतकी काटक लांबकेसाळ जात दुसरी सहसा आढळत नाही.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती : लहान सोबती कुत्र्याचे संगोपन आधुनिक औद्योगिक वस्तीत कसे करावे, याचा विचार पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्याच्या संदर्भात करणे उद्‌बोधक ठरते. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या परिसरात वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे मोटार उद्योग उत्तरेस चाकणपर्यंत पसरला. गावातील मोकळ्या अंगणांची जागा प्रथम चाळींनी व कामगार वसाहतींनी आणि नंतर बहुमजली गृहसंकुलांनी घेतली. राखणीसाठी दाराशी बांधलेल्या गावठी कुत्र्याच्या जागी घरात वावरणारा लहान कुत्रा आला तो याच स्थित्यंतरात.

अशा वस्तीत कुत्र्याला तीन गोष्टींना तोंड द्यावे लागते. पहिली म्हणजे एकटेपणा. कारखान्यांतील पाळ्या दर आठवड्याला वा पंधरवड्याला बदलतात. घरातील दोघेही नोकरीस असल्यास कुत्रा आठ-दहा तास बंद घरात राहतो. कुत्र्याला अन्नाची, फिरण्याची व मलमूत्रविसर्जनाची वेळ ठरलेली लागते. रातपाळीहून आलेला मालक सकाळी झोपलेला असल्यामुळे कुत्र्याचे फिरणे चुकते व तो घरात घाण करतो. मग त्याबद्दल त्याला मार बसतो आणि या माराचा त्याला अर्थ लागत नाही. वास्तविक दोन ते तीन महिन्यांचे पिलू तीन-चार तासांपेक्षा अधिक काळ लघवी रोखू शकत नाही. म्हणून ज्या घरात पाळी बदलली तरी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी कुत्र्याकडे पाहणारे एखादे माणूस, बहुधा आजी-आजोबा किंवा मोठी मुले, असते तेथेच हा कुत्रा सुखाने वाढतो. ज्या घरात असे कोणीच नाही तेथे पिलू न आणणे हेच शहाणपणाचे होय.

दुसरी गोष्ट आवाज. स्पिट्झ गटातील कुत्र्यांचे कान तीक्ष्ण असतात व अनोळखी आवाजावर भुंकणे हा त्यांचा स्थायीभाव आहे. अवजड वाहने, उद्वाहकाचे दार, शेजारच्या घरातील कुकरची शिट्टी यांपैकी प्रत्येक आवाजावर भुंकणारा कुत्रा संकुलातील तंट्याचे कारण बनतो. यावर उपाय पिलाच्या लहानपणीच करावा लागतो. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनाची घडण होण्याचा असतो. या काळात जे आवाज, माणसे व जागा त्याच्या परिचयाच्या होतात त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. अडचण अशी की, याच काळात लसीकरण अपुरे असल्याने त्याला रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते. पिलाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन जिन्यात, गच्चीवर व संकुलाच्या फाटकापर्यंत रोज फिरवून आणल्यास दोन्ही गोष्टी साधतात. दिवाळीतील फटाक्यांच्या वेळी कुत्र्यास आतल्या खोलीत खिडक्या बंद करून ठेवावे व गळ्यात मालकाच्या दूरध्वनी क्रमांकाची पट्टी अवश्य बांधावी. घाबरून पळालेले कुत्रे रहदारीच्या रस्त्यावर सापडण्याचा संभव या दिवसांत सर्वाधिक असतो.

तिसरी गोष्ट उष्णता. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तपमान ४०° से.च्या आसपास जाते. पत्र्याच्या छपराची घरे आणि इमारतींचे सर्वांत वरचे मजले यांत दुपारी ते याहून अधिक असते. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. शरीरातील उष्णता तो मुख्यत्वे धापा टाकून बाहेर टाकतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तपमान ३८·३° ते ३९·२° से. असते. ते ४१° से.च्या वर गेल्यास जीभ व हिरड्या गडद लाल होणे, चिकट लाळ गळणे, तोल जाणे, उलट्या व अखेरीस बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे दिसतात. अशा कुत्र्यास ताबडतोब सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा व त्याच अवस्थेत पशुवैद्याकडे न्यावे. बर्फाचा वापर टाळावा, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. उन्हाळ्यात फिरणे सकाळी आठच्या आत व संध्याकाळी सातनंतर असावे. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याचे तळवे भाजतात. उभ्या मोटारीत काचा बंद करून कुत्रा ठेवणे हे अल्पावधीतही प्राणघातक ठरते.

केसांची निगा : उन्हाळा आला की स्पिट्झचे केस यंत्राने मुळापर्यंत काढून टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी दिसते. ती घातक आहे. या जातीच्या केसांचे दोन थर असतात. आतील थर आखूड, मऊ व लोकरीसारखा असून बाहेरचा थर लांब, सरळ व राठ असतो. या दोन थरांमध्ये कोंडलेली हवा थंडीप्रमाणेच बाहेरील उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करते. केस काढल्यास ऊन थेट त्वचेवर पडते. शिवाय काही कुत्र्यांत, विशेषतः पॉमेरेनियनमध्ये, काढलेले केस पुन्हा नीट उगवत नाहीत व अंगावर काळपट उघडे चट्टे राहतात. उन्हाळ्यात करावयाचे ते एवढेच की, आतील थराचे सुटलेले केस तारेच्या ब्रशने व रुंद दातांच्या फणीने आठवड्यातून दोन-तीनदा विंचरून काढावेत आणि पोट, पंजे व गुदद्वार यांभोवतालचे केस कात्रीने आखूड करावेत.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिलाची मऊ लव गळून ते काही काळ बोडके व बेढब दिसते. ही अवस्था नैसर्गिक असून तीवर औषध देण्याची गरज नसते. स्नान तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच्या सौम्य साबणाने घालावे. पावसाळ्यात, म्हणजे या परिसरात जून ते सप्टेंबर या काळात, आतील थर ओला राहिल्यास त्वचेवर कवक व जंतू वाढून खाज, दुर्गंधी व ओले चट्टे उद्‌भवतात. गजकर्णासारखे काही कवकरोग माणसांनाही, विशेषतः लहान मुलांना, होतात. म्हणून फिरून आल्यावर टॉवेलने व नंतर गार वाऱ्याच्या यंत्राने केस मुळापर्यंत वाळविणे हे या दिवसांतील सर्वांत महत्त्वाचे काम होय.

आहार : महाराष्ट्रीय कुटुंबांत, विशेषतः शाकाहारी घरांत, लहान कुत्र्याला दूध-पोळी वा दूध-भात यांवर वाढविण्याचा प्रघात फार जुना आहे. कुत्रा ते आवडीने खातो व त्याचे वजनही वाढते; त्यामुळे आहारात काही उणे आहे हे लवकर ध्यानात येत नाही. ६ किग्रॅ. वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला सुमारे ४०० ते ४३० किलोकॅलरी ऊर्जा लागते, ३ किग्रॅ. वजनाच्या पॉमेरेनियनला सुमारे २५० पुरतात. मध्यम आकाराच्या चार पोळ्यांत ४०० किलोकॅलरी मिळतात खऱ्या, परंतु गव्हातील प्रथिनांत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल अपुरे असते व कॅल्शियम तर फारच थोडे असते. दूध सोडल्यानंतर पुष्कळ कुत्र्यांत दुग्धशर्करेचे पचन करणारे एंझाइम कमी होते. अशा कुत्र्यास वाटीभर दूध दिल्यास पातळ हगवण लागते. दह्यात व पनीरमध्ये ही शर्करा कमी असल्याने ते पदार्थ सामान्यतः मानवतात. याउलट केवळ मांस वा काळीज यांवर वाढविलेल्या पिलांत फॉस्फरसाच्या मानाने कॅल्शियम फार कमी पडते, शरीर ते हाडांतून काढून घेते आणि पलंगावरून मारलेल्या लहानशा उडीनेही पाय मोडतो. आहाराचे हे दोन्ही टोकांचे दोष पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यात येतात.

घरी शिजवलेले अन्न द्यावयाचे असल्यास ६ किग्रॅ. वजनाच्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसाचे प्रमाण स्थूलमानाने असे धरता येते : उकडलेली बिनहाडाची कोंबडी १०० ग्रॅ., शिजलेला भात सुमारे १३० ग्रॅ., लाल भोपळा किंवा गाजर मूठभर, तेल एक चहाचा चमचा आणि अंड्याच्या कवचाची वस्त्रगाळ पूड सुमारे पाव चहाचा चमचा. मांस न शिजवणाऱ्या घरात दोन उकडलेली अंडी व ५० ग्रॅ. पनीर यांनी कोंबडीची जागा भरून काढता येते. मात्र ऊर्जा वाढत असल्याने भात तेवढा कमी करावा. अंडीही चालत नसल्यास केवळ घरच्या अन्नावर हा तोल राखणे कठीण असते, त्यामुळे कुत्र्यांसाठी तयार मिळणारे पूर्ण खाद्य निवडावे. घरच्या अन्नात जीवनसत्त्वे व जस्तासारखी खनिजे कमी पडू शकतात. त्यांची भर पशुवैद्याच्या सल्ल्याने घालावी. पिलांना वजनाच्या मानाने प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते व ती दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी लागते. खऱ्या पॉमेरेनियनची अगदी लहान पिले पाच-सहा तास उपाशी राहिल्यास रक्तातील साखर घसरून ग्लानी व झटके येतात. अशा वेळी हिरड्यांवर साखरेचे पाणी वा मध चोळून पिलू तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. शिजवलेली हाडे कोणत्याही वयात देऊ नयेत; ती फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात व आतड्यास भोक पाडतात.

कांदा व लसूण हे कुत्र्याला विषारी आहेत. त्यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तकोशिका फुटतात व काही दिवसांनी पांडुरोग होतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. चाकण ही कांद्याची नामांकित बाजारपेठ असल्याने त्या भागातील स्वयंपाकात कांदा नसलेली भाजी विरळाच, आणि उरलेली भाजी वा रस्सा पोळीत कुस्करून कुत्र्यापुढे ठेवणे ही गोष्ट घराघरांत घडते. एकदा खाल्ल्याने मोठी बाधा झाली नाही तरी रोज थोडे थोडे पोटात गेल्यास ती होते आणि कुत्रा जितका लहान तितकी ती लवकर होते. द्राक्षे व मनुका (मूत्रपिंडास अपाय), चॉकोलेट आणि झायलिटॉल हा गोडवा घातलेले पदार्थही वर्ज्य होत. माणसांची पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन ही औषधे कुत्र्याला स्वतःच्या विचाराने कधीही देऊ नयेत.

रोग व प्रतिबंध : डिस्टेंपर व पार्व्होव्हायरसजन्य आंत्रशोथ हे पिलांचे दोन प्रमुख घातक रोग होत. पार्व्होव्हायरस हा १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेलेला, त्या मानाने नवा रोगकारक आहे. काही वर्षांतच तो जगभर पसरला. एकाएकी अन्न सोडणे, वारंवार उलट्या व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित हगवण ही त्याची लक्षणे असून उपचार न झाल्यास पिलू दोन-तीन दिवसांत दगावते. हा व्हायरस जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, बुटांच्या तळव्यांबरोबर घरात येतो व साध्या फिनाइलने मरत नाही. त्यासाठी पातळ केलेले ब्लीचिंगचे द्रावण वापरावे लागते. व्हायरसावर प्रतिजैव औषधांचा परिणाम होत नाही. पेनिसिलिनासारखी औषधे बनविणाऱ्या पिंपरीच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्यांचाही असा समज असतो की, इंजेक्शन दिले म्हणजे रोग बरा होतो. परंतु येथे ती औषधे फक्त आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंना आळा घालतात. पिलाचा जीव वाचतो तो मुख्यतः शिरेतून वेळेवर दिलेल्या द्रवामुळे.

यांविरुद्धची संयुक्त लस वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत टोचतात व सुमारे एक वर्षाने पुन्हा देतात. एकच लस देऊन थांबणे हे पिले दगावण्याचे एक नेहमीचे कारण आहे. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिलाच्या रक्तात असेपर्यंत लस निष्प्रभ होते व ती केव्हा संपतील हे प्रत्येक पिलागणिक वेगळे असल्याने मात्रा पुनःपुन्हा द्याव्या लागतात. अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लस तीन महिन्यांच्या वयात व त्यानंतर प्रतिवर्षी द्यावी. घरातच राहणाऱ्या कुत्र्याला ही लस नको, असे मानणे चुकीचे आहे. जिन्यात शिरलेले भटके कुत्रे वा मांजर यांचा एक ओरखडाही पुरेसा असतो. कोणताही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच वैद्याकडे जावे. पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांच्या काठच्या सखल वस्त्यांत पावसाळ्यात पाणी साचते व उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा यकृत व मूत्रपिंड यांचा रोग होऊ शकतो. तो माणसांनाही होतो. याची लस दरवर्षी घ्यावी लागते.

गोचीड ही या परिसरातील कुत्र्यांची कायमची पीडा आहे. तपकिरी गोचीड हिचे वैशिष्ट्य असे की, ती आपले संपूर्ण जीवनचक्र घरातच पुरे करू शकते. मादी भिंतींच्या भेगा, दारांच्या चौकटी व पलंगाच्या सांधी यांत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी वेचून काढल्याने उपद्रव थांबत नाही. त्याच वेळी घरातील भेगा बुजवून तेथेही औषध मारावे लागते. गोचिडीमुळे एर्लिकिया व बाबेसिया या सूक्ष्मजीवांचे संक्रमण होते. पहिल्यात ताप, अशक्तपणा व कधी नाकातून रक्तस्राव, तर दुसऱ्यात पांढुरक्या हिरड्या, कावीळ व कॉफीच्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसतात. स्पिट्झच्या दाट केसांत गोचिडी दिसत नसल्याने कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व मानेखाली रोज हाताने चाचपून पाहावे. ताप आलेल्या कुत्र्याच्या रक्ताची तपासणी केल्यास हे रोग वेळीच ओळखता येतात व बहुधा बरे होतात. जंतांवरील औषध पिलांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास, तीन महिन्यांनंतर दरमहा व सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी देतात.

जातीगत विकारांत गुडघ्याची वाटी सरकणे हा लहान स्पिट्झांत नेहमी आढळणारा विकार होय. कुत्रा चालताना मधेच एक मागचा पाय उचलून दोन-चार पावले लंगडतो व पुन्हा नीट चालू लागतो. गुळगुळीत फरशीवर चटई अंथरणे व वजन आटोक्यात ठेवणे यांमुळे त्रास कमी होतो. श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडल्याने हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो. अशा कुत्र्यास गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा बांधावा. कुत्र्याला प्रथम २८ दुधाचे व नंतर ४२ कायमचे दात येतात. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडावयास हवेत. लहान जातींत दुधाचे सुळे तसेच राहतात व नव्या दातांशेजारी अन्न अडकून हिरड्या कुजतात. ते काढून टाकावे लागतात. पुढील काळात कुत्र्यांसाठीची दंतपेस्ट वापरून दात घासण्याची सवय लावल्यास म्हातारपणीचा बराच त्रास वाचतो.

प्रजनन : मादी साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते व पुढे सुमारे सहा-सात महिन्यांनी येत राहते. गर्भावधी ६३ दिवसांचा असतो. पॉमेरेनियन मादीला बहुधा एक ते तीन व भारतीय स्पिट्झला त्याहून अधिक पिले होतात. मादीची श्रोणी लहान व पिलाचे डोके मोठे यांमुळे पॉमेरेनियन मादी अडण्याचे प्रमाण अधिक असते. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात पिलू बाहेर न आल्यास पशुवैद्यास पाचारण करावे. विल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, दूध भरात असताना, लहान जातीच्या मादीच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी कमी होऊन ती थरथरू लागते, अंग ताठ होते व ताप चढतो. शिरेतून कॅल्शियम दिल्यास काही मिनिटांत उतार पडतो, न दिल्यास मृत्यू ओढवतो. गाभणपणी कॅल्शियमच्या गोळ्या उगाच दिल्याने हा धोका टळण्याऐवजी वाढतो. नवजात पिलांना पहिल्या आठवड्यात २९° ते ३२° से. उबेची आवश्यकता असते. त्यांचे डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात.

जोडधंदा म्हणून घरच्या घरी मादीपासून दर खेपेस पिले घेऊन विकण्याचा प्रकार औद्योगिक नगरांत बराच फोफावला आहे. थोड्या गुंतवणुकीत वर्षाकाठी बऱ्यापैकी रक्कम हाती येत असल्याने त्याचे आकर्षण समजण्यासारखे असले, तरी त्याची किंमत मादीला व पिलांना मोजावी लागते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० याखाली २०१७ मध्ये केलेल्या कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिन्याभराची, लस न दिलेली पिले ‘दीड महिन्याची’ म्हणून विकली जातात. पिलाचे वय दातांवरून अजमावता येते : तीन आठवड्यांपर्यंत बहुधा दात नसतात व सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सर्व पुढचे दात व सुळे आलेले असतात. ‘टीकप’ या नावाने विकली जाणारी पिले ही स्वतंत्र जात नव्हे. ती खुज्या, अपुऱ्या वाढीच्या वा वेळेआधी आईपासून तोडलेल्या पिलांना दिलेले व्यापारी नाव आहे. टाळू न भरणे, डोक्यात पाणी होणे व साखर घसरणे हे दोष त्यांत अधिक आढळतात. पिलू घेताना त्याच्या आईला, तिच्या राहत्या जागेसह, पाहू देण्याची मागणी करावी व ती नाकारणाऱ्याकडून पिलू घेऊ नये.

पैदास करावयाची नसल्यास मादीचे निर्बीजीकरण करणे हितावह असते. निर्बीजीकरण न केलेल्या माद्यांत सहा-सात वर्षांच्या वयानंतर गर्भाशयात पू होण्याचा विकार पुष्कळदा उद्‌भवतो. माजानंतर एक-दोन महिन्यांत मादी फार पाणी पिऊ लागली, खाणे सोडले व योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर तो संशय घ्यावा.

कायदा व जबाबदारी : महानगरपालिका क्षेत्रात पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो व त्यासाठी अलर्क रोगाच्या लसीचा दाखला आवश्यक असतो. गृहनिर्माण संस्थांना ठराव करून कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या सूचनांत स्पष्ट केले आहे. तथापि सार्वजनिक जागी कुत्र्याने केलेली घाण उचलणे व त्याला साखळीने धरून नेणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. पाळलेला प्राणी सोडून देणे हा १९६० च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. बदली, कंत्राट संपणे, भाड्याचे घर बदलणे किंवा घरात तान्हे मूल येणे या कारणांनी कुत्रा कारखान्यांच्या वसाहतीत वा महामार्गालगत सोडून देण्याचे प्रकार घडतात. घरात वाढलेल्या स्पिट्झला अन्न शोधण्याची वा वाहनांपासून दूर राहण्याची सवय नसते. भटक्या कुत्र्यांच्या टोळीत तो टिकत नाही व केसांचे गुंतून गठ्ठे झाल्याने थोड्याच आठवड्यांत त्याची त्वचा किडते. या जातीचे आयुष्य १२ ते १४ वर्षांचे असते. कंत्राटी नोकरीची मुदत बहुधा याच्या कितीतरी आत संपते; पिलू आणण्यापूर्वी ही दोन मुदतींची तुलना करणे इष्ट होय.

दहा वर्षांनंतर हृदयाच्या झडपा सैल होणे, मोतिबिंदू व दातांचे विकार ही म्हातारपणाची लक्षणे दिसू लागतात. रात्री खोकला, झोपेत श्वसनाचा वेग मिनिटास ३० पेक्षा अधिक होणे व थोड्या चालण्याने थकवा येणे ही हृदयविकाराची चिन्हे असून औषधाने असा कुत्रा बरीच वर्षे बऱ्या स्थितीत राहू शकतो. दृष्टी गेलेला कुत्रा वासावर व पायांखालच्या जमिनीच्या स्पर्शावर घरात व्यवस्थित वावरतो, मात्र घरातील सामानाची जागा बदलू नये. असाध्य रोगाने वेदना होत असताना पशुवैद्याकरवी इंजेक्शनने वेदनारहित मृत्यू देण्यास कायद्याची आडकाठी नाही. तो निर्णय पशुवैद्याने प्रत्यक्ष तपासणी केल्यानंतरच घ्यावयाचा असतो. [⟶ अलर्क रोग, कुत्रा, पशुवैद्यक].